पिल्लू कोणाचे?

वैशाख सरत येतो, वळवाची एखादी सर पडून जाते, आणि आपल्याकडच्या अंगणांत, परसांत, शाळांच्या आवारांत दरवर्षी एक प्रश्न पडतो. पडतो हे येथे अक्षरशः घ्यावयाचे. जास्वंदीच्या झुडपाखाली, विहिरीच्या कठड्याजवळ, जिन्याच्या पायरीवर पक्ष्याचे एखादे पिल्लू बसलेले दिसते. आई-बाप कोठे दिसत नाहीत. शेपूट धड फुटलेली नसते, चोचीच्या दोन्ही कोपऱ्यांना पिवळी किनार असते, आणि ते जागचे न हलता अंग चोरून बसते. घरातले मूल त्याला ओंजळीत उचलते. "हात लावू नको, आई टाकून देईल" म्हणून कोणी वडीलधारे ओरडतात. कोणी कापूस आणतो, कोणी वाटीत दूध. पाव घटकेच्या आत त्या जिवाचे भवितव्य ठरून गेलेले असते. ते ठरवताना एक गोष्ट मात्र बहुधा कोणी विचारीत नाही: हे पिल्लू आहे कोणाचे?

दया ही अंतःकरणाची बाब आणि ओळख ही शास्त्राची, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. दयेला विलंब सोसत नाही. ओळख पटवण्यास वेळ लागतो. म्हणून आधी दया करावी आणि मागाहून, सवड असल्यास, पुस्तक उघडावे, असा आपला क्रम असतो. माणसाच्या बाबतीत तो चालूनही जातो. बुडणाऱ्या माणसाचे कुलगोत्र कोणी विचारीत बसत नाही, कारण बुडणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असते. पिल्लाचे तसे नाही. एका पिल्लाला जे जीवदान, तेच दुसऱ्याचे अपहरण ठरते. तेव्हा येथे ओळख दयेच्या आधी येते असे म्हणणेही मला अपुरे वाटते. ती दयेचाच एक भाग आहे, आणि तो वगळला तर उरते ती केवळ आपल्या जिवाची कालवाकालव.

आधी वयाची ओळख. अंगावर पिसे नाहीत, डोळे मिटलेले आहेत, मान सावरत नाही, असे उघडे पिल्लू खाली आले असेल तर ते खरोखरच पडलेले आहे. त्याला अन्नाहून आधी ऊब हवी असते आणि वाट पाहण्याइतका वेळ त्याच्याजवळ नसतो. घरटे सापडले तर त्याला उचलून परत घरट्यात ठेवावे. घरटे मोडले असेल तर लहान टोपली किंवा तळाला भोके पाडलेली करवंटी, आत सुके गवत घालून, मूळ जागेच्या शक्य तितकी जवळ बांधावी. पुष्कळदा आई-बाप तेथे येऊन भरवू लागतात. माणसाचा वास लागला की पक्षी आपले पिल्लू टाकतो, ही समजूत खरी नाही. कोणातरी शहाण्या आजीने मुलांचे हात घरट्यांपासून दूर ठेवण्यासाठी ती काढली असावी, असे मला नेहमी वाटते. तेवढ्यापुरती ती उपयोगाचीही आहे. पण पडलेल्या उघड्या पिल्लाला परत ठेवण्याच्या आड ती येते, तेव्हा तिची किंमत पिल्लाला मोजावी लागते.

आता दुसरे. अंगभर पिसे आली आहेत, डोळे टक्क उघडे आहेत, बोटावर बसवले तर पायांची पकड घट्ट आहे, शेपूट तेवढी आखूड आहे. हे पिल्लू पडलेले नाही. ते घरट्यातून निघालेले आहे. बुलबुलाची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यापासून सुमारे दोन आठवड्यांत घरटे सोडतात, आणि त्या वेळी त्यांना नीट उडता येत नसते. पुढले काही दिवस ती झुडपांतून, जमिनीवरून उड्या मारीत फिरतात आणि आई-बाप जिथल्या तिथे येऊन त्यांना भरवतात. शिपाई बुलबुलाच्या अशा पिल्लाला डोळ्यामागचा तांबडा ठिपका नसतो, बुडाचा रंगही लाल नसून फिका नारिंगी असतो, त्यामुळे रोज कुंपणावर दिसणाऱ्या पक्ष्याचेच ते आहे हे घरच्या माणसांच्या लक्षात येत नाही. दयाळाचे पिल्लू तर छातीवर ठिपके-ठिपके घेऊन येते आणि काळ्या-पांढऱ्या बापाशी त्याचे काही नाते असेल असे वाटतच नाही. (त्याच्या नावाचा दयेशी संबंध असेल असे नाही, पण या विषयात ते नाव पुढे यावे हा योग मला सोडवला नाही.) आई-बाप दिसत नाहीत याचे कारणही बहुधा आपणच असतो. चोचीत अळी धरून ते समोरच्या फांदीवर खोळंबलेले असतात, आणि आपण पिल्लाभोवती रिंगण धरून त्याच्या अनाथपणाबद्दल हळहळत असतो.

मग वाचक म्हणतील की, नियम सोपाच झाला: उघडे असेल तर परत ठेवा, पिसे असतील तर राहू द्या. जातीची ओळख कशाला? तर अशासाठी की हा नियम जातीपाशी मोडतो. टिटवीचे पिल्लू अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात चालू लागते. त्याला घरट्यात ठेवणे निरर्थक, कारण ज्याला घरटे म्हणावे असे काही त्याला नसतेच. माळावर आई ओरडली की ते खड्यांत खडा होऊन निपचित पडते, आणि आपण त्याला आजारी समजून खिशात घालतो. याच्या उलट पाकोळी. जुन्या वाड्यांच्या तुळयांखाली, चर्चच्या मनोऱ्यांत, पुलांच्या कमानींत जिची वस्ती असते, त्या पाकोळीचे पिल्लू जमिनीवर आले तर त्याला राहू देणे म्हणजे मरू देणे होय. तिचे पाय भिंतीला चिकटण्यापुरते घडलेले. आई-बाप खाली उतरून भरवीत नाहीत, आणि पिल्लाला जमिनीवरून झेप घेता येत नाही. लांब कोयत्यासारखे पंख आणि नावापुरते पाय ही खूण ज्याला माहीत आहे तो तिला उचलील. ज्याला माहीत नाही तो, बुलबुलाबद्दल ऐकलेला नियम प्रामाणिकपणे पाळून, तिला तेथेच सोडून जाईल. दोघांचे अंतःकरण सारखेच मऊ असू शकेल.

अन्नाच्या बाबतीत तर अज्ञानी माया सरळ घातक ठरते. चिऊचा घास, काऊचा घास म्हणत आपण लहानपणी दूधभात खाल्लेला असतो. त्या घासाची परतफेड म्हणूनच की काय, चिऊचे पिल्लू हाती लागले की आपण त्याच्यापुढे दूधभात ठेवतो. पक्ष्यांना दूध पचत नाही. चिमणी स्वतः दाणे टिपीत असली तरी पिल्लांना मुख्यतः किडे-अळ्या भरवते. पारवा आणि होला आपल्या अन्नपिशवीत तयार होणारा दह्यासारखा रस पिल्लांच्या चोचीत उतरवतात. खंड्याला मासा हवा, गव्हाणी घुबडाला उंदीर. आणि ड्रॉपरने पाणी पाजणे हा जो सर्वांत निरुपद्रवी वाटणारा उपचार, तो बहुधा सर्वांत धोक्याचा. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच उघडे असते आणि पाणी फुप्फुसात जाते. संध्याकाळी पिल्लू मान टाकते. घरातले मूल रडते, आणि आपण म्हणतो, त्याचे आयुष्यच तेवढे होते.

तथापि ओळखीचे स्तोत्र गाऊनही भागणार नाही. सलीम अलींची गोष्ट सर्वश्रुत आहे. 1908 साली मुंबईत, बारा वर्षांच्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती हे विचारण्यासाठी तो मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड यांच्याकडे गेला, आणि त्या एका प्रश्नातून पुढे भारतीय पक्षिशास्त्राचे सारे दालन उघडले. 1985 साली त्यांनी आत्मचरित्राला 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे नाव दिले ते त्याच चिमणीवरून. चोडण बेटावरच्या त्यांच्या नावाच्या अभयारण्यात आज आपण खारफुटीतले बगळे पाहावयास जातो, तेव्हा हे लक्षात ठेवावे की या ओळखीचा आरंभ मेलेल्या पक्ष्यापासून झाला होता. ज्ञान स्वतः होऊन दयाळू नसते. शिकाऱ्यालाही जात ओळखता येते, पिंजरे विकणाऱ्यालाही येते, आणि पुष्कळदा ती आपल्याहून चांगली येते.

इतकेच नव्हे, ओळख ही दया नाकारण्याचे साधनही होते. दिल्लीच्या चांदणी चौकात, लाल मंदिराच्या आवारात, जैन समाजाने चालवलेले पक्ष्यांचे रुग्णालय आहे. असंख्य कबुतरांचे प्राण तेथे वाचले आहेत. परंतु मांसाहारी पक्ष्यांना ठेवून घ्यावयाचे नाही, उपचार करून पाठवावयाचे, अशी तेथील पद्धत अनेक वर्षे राहिली. त्या पद्धतीमागे एक सुसंगत धर्मविचार आहे: घारीला जगवावयाचे तर रोज कोणाचे तरी मांस द्यावे लागते. त्याच शहरात नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या दोघा भावांनी अशाच परत पाठवल्या गेलेल्या घारी घरी नेऊन त्यांची शुश्रूषा आरंभली. शौनक सेन यांच्या 2022 सालच्या 'ऑल दॅट ब्रीद्स' या चित्रपटामुळे ते काम जगाला कळले. येथे दोन्ही पक्षांना पक्षी कोणता हे बिनचूक माहीत होते. मतभेद पुढचा होता. मला स्वतःला ते भाऊ अधिक जवळचे वाटतात, पण घारीच्या पिल्लापुढे मांसाचा तुकडा धरणाऱ्याने त्या दुसऱ्या प्राण्याचा विचार एकदाही मनात आणला नाही, तर मात्र त्याच्या दयेत काही कमी आहे असे मी म्हणेन. आपल्याकडे हा पेच इतक्या उंचीवर जातही नाही. गव्हाणी घुबडाची पांढरी, हृदयाकृती चेहऱ्याची, सापासारखी फूत्कारणारी पिल्ले माळ्यावर सापडली की त्यांना अपशकुनी म्हणून काठीने ढकलले जाते. तेथे ओळखही नसते आणि दयाही नसते; असते ती फक्त भीती.

कावळा आणि कोकिळा यांच्यापाशी 'कोणाचे' या शब्दालाच दोन अर्थ फुटतात. आपल्या कोंकणी वाचकांची कोगूळ म्हणजेच आमची कोकिळा. ती अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते, हे सर्वांस ठाऊक आहे. तिचे पिल्लू खाली उतरले की त्याच्यासाठी आपल्या डोक्यावर टोच मारावयास येतो तो कावळा. ते कावळ्याचे म्हणावे तर त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. कोकिळेचे म्हणावे तर गाणाऱ्या पक्ष्याच्या लोभाने लगेच उचलले जाते. पितृपक्षात ज्याची आर्जवे करावयाची त्याच्यावर एरवी दगड भिरकवावयाचा, ही आपली रीत येथेही दिसतेच. पण पिल्लाच्या दृष्टीने रक्ताचे उत्तर निरुपयोगी आहे. त्याला भरवते ती चोच कोणाची, एवढेच त्याला पुरते, आणि ती चोच कावळ्याची आहे. 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात दुष्यंत कोकिळेच्या याच रीतीचा दाखला देऊन शकुंतलेला हिणवतो. ज्या स्त्रीला तो हे ऐकवतो ती स्वतः टाकलेली आणि दुसऱ्याने वाढवलेली होती. महाभारतात तिच्या नावाची कथाच अशी आहे की, मेनकेने मालिनी नदीच्या तीरी सोडलेल्या या तान्ह्या मुलीभोवती शकुंत पक्ष्यांनी कडे केले आणि श्वापदांपासून तिला राखले. मग कण्व आले. सापडलेल्या पिल्लाची ही उलटी गोष्ट मला फार मार्मिक वाटते. पक्ष्यांनी मानवी अर्भकाला आपल्या घरट्यात नेले नाही, किडे भरवले नाहीत. ते राखण करीत राहिले आणि तिच्या जातीचे कोणी येईपर्यंत थांबले.

ज्या पिल्लांचे कोणीच उरलेले नाही त्यांची गोष्टही आपल्याकडे आहे. मार्कंडेय पुराणाच्या आरंभी, कुरुक्षेत्रावरून उडणारी एक पक्षीण अर्जुनाच्या बाणाने मरते. तिची अंडी रणभूमीवर पडतात आणि भगदत्ताच्या हत्तीची तुटलेली घंटा नेमकी त्यांच्यावर येऊन बसते. युद्ध संपल्यावर शमीक ऋषी ती घंटा उचलतात तो खाली बिनपंखांची चार पिल्ले. ऋषी शिष्यांना प्रथम हेच सांगतात की, प्राणी आपापल्या कर्माने तरतात आणि मरतात, ही पिल्लेही तशीच वाचली. तरीही माणसाने प्रयत्न करावा. आणि मग लगेच व्यवहारावर येतात: यांना आश्रमात अशा जागी ठेवा की जेथे मांजर, उंदीर, ससाणा, मुंगूस यांचे भय नसेल. दैववाद आणि मांजराचा बंदोबस्त एका श्वासात सांगणारा हा ऋषी मला फार शहाणा वाटतो. त्याला ती पिल्ले कोठून आली हे दिसत होते, आई नाही हे माहीत होते, आणि ती माणसांच्या युद्धामुळे अनाथ झाली हेही त्याच्या पायांखाली पसरलेले होते.

या शेवटल्या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे. लहान पक्ष्यांची बहुतेक पिल्ले पहिले वर्ष पुरे करीत नाहीत. ती साप, भारद्वाज, शिक्रा यांच्या पोटी जातात आणि त्यांचीही पिल्ले त्यावर वाढतात. धामण बुलबुलाचे घरटे रिकामे करीत असता काठी घेऊन धावणारा माणूस दया करतो असे मला वाटत नाही. तो दोन भुकेल्यांपैकी देखणा निवडतो. परंतु मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वीची म्हणून, रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी होते आणि फांद्यांबरोबर घरटी खाली येतात, तेव्हा निसर्गक्रम हा शब्द उच्चारण्याचा आपल्याला अधिकार नाही. बडोद्यात उत्तरायणाच्या दिवशी मांजाने घारीचा पंख कापला जातो, तेव्हाही नाही. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित अधिकरणाने 2017 साली बंदी घातली, आणि पतंगांच्या त्या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी गुजरातेत करुणा अभियान चालते. जो सण इजा करतो त्यानेच शुश्रूषा मांडावी, हे उचित आहे. आपण पाळलेल्या मांजराचेही तसेच. ते आपण भरवलेल्या ताकदीवर शिकार करते, म्हणून त्याला घरात कोंडणे हा पिल्लाचा हक्क आहे. आणि मांजराच्या दातांतून सुटलेले पिल्लू वरून धडधाकट दिसले तरी त्याला वैद्याकडे नेणे आवश्यक असते, कारण त्या दातांचे विष सूक्ष्म जखमेतून भिनते. ही रेषा सर्वत्र इतकी स्वच्छ राहत नाही. गावातले कावळे वाढले ते आपल्या उकिरड्यांवर. मग कावळ्याने उचललेले पिल्लू निसर्गाच्या खाती मांडावे की आपल्या? मी ते आपल्या खाती मांडतो, पण त्यावर उपाय म्हणून कावळ्यावर दगड मारावा असे म्हणत नाही. उकिरडा उचलावा. ते अधिक अवघड आहे आणि त्यात दयेचा देखावा होत नाही.

काहीच न करता पाहत राहणे याला मराठीत आपण उपेक्षा म्हणतो आणि तो शब्द दूषण म्हणून वापरतो. मूळ शब्द मात्र उप आणि ईक्ष् यांचा, म्हणजे जवळ राहून पाहणे असा आहे. बौद्धांनी मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्या रांगेत चौथी बसवली ती हीच. पिल्लापासून वीस पावलांवर, खिडकीच्या आडोशाला, दीड-दोन तास बसून राहणे हे या जुन्या अर्थाने उपेक्षा करणे होय. ज्याने ते केले आहे त्याला विचारा की उचलून घेणे सोपे की हे. हात शिवशिवतात. आपण निष्ठुर आहोत असे घरच्यांना वाटते, आपल्यालाही वाटू लागते. पिल्लू उचलले की ही तगमग तत्काळ शमते, आणि म्हणूनच मला त्या उचलण्याबद्दल शंका येते: ज्याची तगमग शमली तो पिल्लू नव्हता.

उचललेले पिल्लू पुढे पाळीव होते, हे आणखी एक. कोनराड लोरेंत्स यांच्यामागे हंसांची पिल्ले त्यांनाच आई समजून चालत, हे आपण वाचलेले असते आणि त्याचे कौतुकही वाटते. परंतु माणसाच्या हातचे वाढलेले पाखरू मांजराला भीत नाही आणि स्वजातीयांत रमत नाही. कीर, म्हणजे पोपट, यांच्या बाबतीत तर 'सापडला होता, वाचवला' हे वाक्य अनेक पिंजऱ्यांवर पाटीसारखे लटकत असते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे असा प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो आणि हाती आल्यापासून 48 तासांत पोलीस ठाण्यास किंवा वनाधिकाऱ्यास कळवावे लागते. कायद्याची भाषा रुक्ष आहे, पण सापडणे आणि आपले होणे यांत त्याने जे अंतर ठेवले आहे ते मला नीतीच्या पुष्कळ पुस्तकांपेक्षा स्पष्ट वाटते.

राहता राहिले ते ओंजळीत पिल्लू घेऊन उभे असलेले मूल. त्याला "ठेव खाली" एवढेच सांगितले तर त्याला ऐकू येते ते "तुला काय त्याचे?" असे, आणि तो धडा ते जन्मभर विसरत नाही. त्याला पिल्लाची शेपूट पाहावयास सांगावी, पंजाची पकड बोटावर घेऊन पाहू द्यावी, रोज कुंपणावर येणाऱ्यांपैकी हे कोणाचे असेल ते ओळखावयास लावावे. मग त्याच्याच हाताने ते झुडपाच्या आतल्या फांदीवर ठेववून, मांजर कोंडून, त्याला पडवीत बसवावे आणि चोचीत काहीतरी धरून कोणी किती खेपा घातल्या ते मोजण्याचे काम द्यावे. आणि दोन तासांत एकही खेप झाली नाही, तर काळोख पडण्यापूर्वी खोके, मऊ फडके आणि वनखात्याचा दूरध्वनी क्रमांक लागेल. तो मोठ्यांनी आधीच शोधून ठेवावा.